‘अलबेला’तला ट्रम्पेट सगळ्यांनी ऐकला, पण चिक चॉकलेट हे नाव किती जणांना माहितेय?

१९५१ साली ‘अलबेला’ आला आणि भगवानदादा घराघरांत पोचले. ‘शोला जो भडके’ लागलं की आजही वरातीत लोक त्यांच्यासारखे खांदे हलवायला लागतात. या चित्रपटाच्या तबकड्यांवर गायकांची नावं होती, संगीतकार सी. रामचंद्र यांचं नाव होतं. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं मात्र नव्हतं.

तो माणूस म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळा होत्या आणि तिथे मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. चर्चमधल्या प्रार्थनेला वादक-गायक मिळावेत एवढाच त्यामागचा हेतू. पण त्यातून कागदावरचं संगीत बघून लगेच वाजवू शकणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. गावात पोटापुरतं काम नव्हतं, म्हणून यातले कितीतरी जण मुंबई-कलकत्त्याला गेले.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत तेव्हा रोज रात्री बँड असे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकन-अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. तोवर तबकड्यांवरच ऐकलेला जॅझ गोवेकर वादकांना समोर बसून ऐकायला मिळाला.

चिक चॉकलेट यांनी आदर्श मानला तो आर्मस्ट्राँगला. ट्रम्पेटची फेक, खरखरीत आवाजातलं गाणं, मंचावरचा वावर, सगळं त्याच्या वळणाचं. ‘म्युझिक मेकर्स’ हा त्यांचा बँड चाळीसच्या दशकात मुंबईत गाजला. ताज आणि त्याच्या शेजारचं ग्रीन्स हॉटेल ही त्यांची ठिकाणं. ग्रीन्सच्या जागेवर आज ताजची उंच इमारत उभी आहे. या बँडच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही निघाल्या.

मग १९४७ उजाडलं. हॉटेलात नाचायला येणारा इंग्रज मायदेशी परतला. १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला आणि रात्रीच्या मैफिलींचं गिऱ्हाईक आणखी घटलं. दुसरीकडे हिंदी चित्रपटांतला वाद्यवृंद मोठा होत चालला होता. गोवेकर वादक तिकडे वळले.

तिथे चिक चॉकलेट यांना भेटले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरच्या पुणतांब्यात जन्मलेल्या या संगीतकाराला पाश्चात्त्य ठेक्यांचं भारी आकर्षण होतं. चिक त्यांचे सहायक झाले.

इथेच नावांचा घोळ सुरू होतो. त्या काळी संगीतकार सहसा हार्मोनियमवर चाल ऐकवायचा. ती स्वरलिपीत उतरवणं, कुठलं वाद्य कुठे येईल ते ठरवणं, मधले तुकडे भरणं हे काम बहुतेक वेळा गोवेकर सहायक करत. वादकाला रेकॉर्डिंगचे पैसे मिळाले की त्याचा संबंध संपला. तबकडीवरच्या छोट्या गोल कागदावर त्याला जागा नव्हती. गायकांचीही गत फार वेगळी नव्हती. ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ या पात्राचं नाव छापलं होतं. आणि ‘अलबेला’तला गायक चितळकर हाच संगीतकार सी. रामचंद्र आहे, हे नुसती तबकडी वाचणाऱ्याला कळायचं नाही.

अमेरिकेत असला घोळ करारांमुळे व्हायचा. १९२६ साली खुद्द आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ने दुसऱ्या कंपनीसाठी ‘लिल्स हॉट शॉट्स’ या नावानं वाजवलं. १९५३च्या टोरंटोतल्या मैफिलीच्या रेकॉर्डवर चार्ली पार्करचं नाव ‘चार्ली चॅन’ असं छापलं. पण तिकडे १९३० च्या दशकापासूनच कुठल्या तबकडीवर कोण वाजवतंय याच्या तपशीलवार सूच्या तयार होऊ लागल्या होत्या. पार्करचं टोपणनाव कानसेनांनी सहज ओळखलं, कारण त्याच्या नावानं निघालेल्या तबकड्या ताडून बघायला हाताशी होत्या.

आपल्याकडे चिक चॉकलेट ओळखायचे तर असेच धागे जोडावे लागतात. त्यांच्या बँडच्या तबकड्यांवर ट्रम्पेटचा पोत कळतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कधी सहायकांची नावं असतात. घराघरांतली स्वरलिपीची पानं आणि जुने फोटो असतात. आणि असतो पडदा. ‘अलबेला’त चिक आणि त्यांचे साथीदार झालरी लावलेले लॅटिन अमेरिकी थाटाचे कपडे घालून चक्क दिसतात.

अर्थात, पडद्यावर वाद्य हातात आहे म्हणून रेकॉर्डिंगही त्याच माणसानं केलं, असं दर वेळी नसतं. दुसरा धोका उलट्या बाजूचा. एक नाव गाजलं की त्या काळातला प्रत्येक ट्रम्पेट त्याच्याच खात्यावर टाकला जातो. फ्रँक फर्नांडसारखे तयारीचे गोवेकर ट्रम्पेटवादक तेव्हा मुंबईत होतेच. चिक यांना न्याय देताना त्यांचं काम पुसलं गेलं, तर चूक तीच राहते, फक्त माणूस बदलतो.

विशेष म्हणजे चिक चॉकलेट यांचं नाव संगीतकार म्हणूनही लागलं. १९५१ सालच्याच ‘नादान’चं संगीत त्यांचं. त्यातलं तलत महमूद यांनी गायलेलं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ आजही रसिकांच्या आवडीचं आहे. म्हणजे ज्या गाण्यावर त्यांचं नाव आलं, ते एक हळुवार गीत होतं. ज्या जॅझनं त्यांची ओळख घडवली, तो मात्र इतरांच्या नावाच्या तबकड्यांत राहिला.

१९६६ साली चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला. संगीत खय्याम यांचं. नाइट क्लबमध्ये तरुण भूपिंदर सिंग गातोय आणि सोबत ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट उभे आहेत. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात ते गेले. वय होतं अवघं ५१.