शिलाई मशीन दुरुस्त करणारे संशोधक : गॅरेट मॉर्गन

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या पर्वत पाटिया भागातील कितीतरी घरे कापडाच्या धंद्यावर चालतात. कुणाचे वडील मार्केटमध्ये कामाला जातात, तर कुणाच्या आईची शिलाई मशीन दिवसभर चालू असते. म्हणून या अंकात शिलाई मशीनपासून सुरुवात करून रस्त्यावरच्या माणसाचा विचार करणाऱ्या एका संशोधकाची ओळख करून देत आहे.

गॅरेट मॉर्गन यांचा जन्म ४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. अकरा भावंडांत ते सातवे. प्राथमिक शिक्षणानंतर शाळा सुटली. लहान वयातच कामासाठी घर सोडावे लागले. पण मजुरीच्या पैशांतून त्यांनी शिकवणी लावली. १८९५ मध्ये ते क्लीव्हलँड शहरात आले आणि शिलाई मशीन दुरुस्त करू लागले. १९०७ मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान काढले.

धुरापासून बचाव करणारा टोप त्यांनी बनवला व १९१४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १९१६ मध्ये ईरी सरोवराखालील बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा हाच टोप घालून ते भावासह आत उतरले आणि अडकलेल्या माणसांना बाहेर काढले. रंगभेदामुळे या धाडसाचा योग्य सन्मान त्यांना त्या वेळी मिळाला नाही.

त्या काळी रस्त्यावर मोटारी, घोडागाड्या, सायकली आणि पायी चालणारे सर्व एकत्रच असत. सिग्नल होते, लंडनमध्ये १८६८ मध्ये आणि क्लीव्हलँडमध्ये १९१४ मध्ये ते बसले होते. परंतु अनेक सिग्नल फक्त ‘थांबा’ आणि ‘चला’ एवढेच सांगत. इशारा बदलताच एका बाजूची वाहने सुटत आणि चौकाच्या मध्ये असलेला माणूस सापडे. मॉर्गन यांनी हाताने फिरवायच्या सिग्नलला तिसरा इशारा जोडला : काही क्षण सर्व बाजूंची वाहने थांबवायची. तेवढ्या वेळात चौक रिकामा होई आणि पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता येई. २० नोव्हेंबर १९२३ रोजी त्याचे पेटंट मिळाले. आजही अनेक चौकांत सर्व बाजूंना काही सेकंद लाल दिवा असतो, तो याच विचाराने.

उतारवयात काचबिंदूमुळे मॉर्गन यांची दृष्टी जवळजवळ गेली. २७ जुलै १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला दिवा दिसत नाही, त्याला सिग्नल कानाने कळला पाहिजे. आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात लाल दिव्यापाशी अंधांसाठी आवाजी सिग्नलची तरतूद होती. २०१६ मध्ये त्या जागी नवा दिव्यांग हक्क कायदा आला.

पालक बंधू-भगिनींनो, मुलांना शाळेत सोडताना उशीर होतो, हे आम्हाला कळते. तरीही दिवा हिरवा होण्याआधी गाडी पुढे काढू नका. त्याच काही सेकंदांत काठी टेकत जाणारे आजोबा, सायकलवरचा कामगार किंवा दप्तर घेतलेले लहान मूल रस्ता पार करत असते. विश्वस्त मंडळालाही विनंती आहे की, शाळेजवळील रस्ता ओलांडण्याच्या सोयीसाठी महानगरपालिकेकडे पाठपुरावा करावा. आणि विद्यार्थ्यांनो, मागे बसून वडिलांना ‘पप्पा, थांबा’ म्हणायला लाजू नका.