दहा डॉलरची पंचवीस फुलं

डिसेंबर उजाडला की कॉलेजच्या गेटवर एक सीन हमखास दिसतो. एनसीसीच्या युनिफॉर्ममधली दोन-तीन मुलं-मुली हातात डबा घेऊन उभी असतात. तुम्ही घाईत असता, पहिलं लेक्चर बुडणार असतं, तरी खिशात हात घालून दहा-वीस रुपये टाकता. बदल्यात शर्टावर एक छोटासा झेंडा लागतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे लष्कर, नौदल आणि हवाई दल. संध्याकाळपर्यंत तो झेंडा कुठेतरी गळून पडतो आणि विषय संपतो.

पण माजी सैनिकांसाठी पैसे द्यायचे आणि ते दिल्याची खूण छातीवर लावायची, ही आयडिया आली कुठून, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? या प्रश्नाचा माग काढत गेलात, तर तुम्ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका शिक्षिकेपर्यंत पोचाल. नाव मोयना बेल मायकल. जगाने त्यांना ‘पॉपी लेडी’ म्हटलं. पण आयुष्यभर शिकवण्याचंच काम केलं, त्यामुळे आपण त्यांना आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ‘बाई’ म्हणूया.

युद्धात जाता आलं नाही म्हणून...

मोयनाबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १८६९चा. हो, १५ ऑगस्ट! गाव गुड होप. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हरलेल्या दक्षिणेत युद्धावरून परतलेली माणसं गावोगाव होती. कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय. युद्ध संपलं तरी सैनिकाचं युद्ध संपत नाही, हे अशा ठिकाणी मुलांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

विशी गाठायच्या आतच बाई शिकवायला लागल्या. पुढे जॉर्जियातल्या वेगवेगळ्या शाळा-कॉलेजांत नोकऱ्या केल्या. चाळिशी उलटल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. ‘आता काय शिकायचं या वयात’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९१४च्या उन्हाळ्यात त्या युरोप फिरायला गेल्या होत्या आणि नेमकं तेव्हाच पहिलं महायुद्ध पेटलं. हजारो अमेरिकन पर्यटक अडकून पडले. बोटीची तिकिटं मिळेनात, बँकांचे व्यवहार ठप्प. बाई रोमला पोचल्या, पण पहिल्या बोटीने घरी पळाल्या नाहीत. अडकलेल्या लोकांना परत पाठवण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून तिथेच उभ्या राहिल्या. आज आपण ज्याला व्हॉलंटियरिंग म्हणतो, ते त्यांच्या आयुष्यात असं अचानक आलं. सर्टिफिकेट नाही, क्रेडिट पॉइंट नाहीत.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी नोकरीतून रजा घेतली आणि न्यूयॉर्क गाठलं. वायएमसीए ही संस्था सैनिकांच्या सोयीसाठी आपले कार्यकर्ते परदेशी पाठवत होती आणि त्यांच्या ट्रेनिंगचं केंद्र कोलंबिया विद्यापीठातच होतं. बाईंच्या वाट्याला आघाडी आली नाही. आलं ते तिथलं ऑफिसकाम, आल्या-गेल्याची विचारपूस आणि जागा जरा प्रसन्न ठेवणं. त्या पदरमोड करून तिथे फुलं आणून ठेवायच्या. हा छोटा तपशील लक्षात असू द्या, पुढची गोष्ट त्यावरूनच फिरते.

एका शनिवारची खरेदी

९ नोव्हेंबर १९१८. युद्ध थांबायला दोन दिवस बाकी होते, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. केंद्रात एक परिषद चालू होती. एक तरुण सैनिक जाता जाता बाईंच्या टेबलावर एक मासिक ठेवून गेला. त्यात एका जाहिरातीच्या पानावर जॉन मॅक्रे यांची कविता छापली होती.

मॅक्रे हे कॅनडाच्या सैन्यातले डॉक्टर. मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत त्यांचा जवळचा मित्र मारला गेला. त्याला पुरल्यानंतर त्यांनी ती कविता लिहिली होती. फ्लँडर्सच्या रणभूमीवर, कबरींच्या मधून उगवलेली लाल पॉपीची फुलं हे तिच्यातलं चित्र. हे काही कवीच्या मनचं नव्हतं. या रानटी पॉपीचं बी मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि माती उकरली गेली, उजेड मिळाला की रुजतं. तोफगोळ्यांनी ती सगळी जमीन नांगरून काढली होती. त्यामुळे जिथे सगळ्यात जास्त माणसं मेली, तिथेच लालभडक फुलांचे गालिचे पसरले. स्वतः मॅक्रेही युद्धाचा शेवट पाहू शकले नाहीत. जानेवारी १९१८ मध्ये न्यूमोनियाने गेले.

(त्याच पट्ट्यात आपली माणसंही होती, बरं का. पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या नव शापेलला लढल्या आणि त्यांची प्रचंड हानी झाली. म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही.)

बाईंनी ती कविता आधीही वाचलेली होती, पण त्या दिवशी ती आत रुतली. त्यांनी तिथल्या तिथे एका जुन्या पाकिटाच्या मागे उत्तरादाखल चार ओळी खरडल्या आणि मनाशी ठरवलं, यापुढे कायम लाल पॉपी लावायचं.

तेवढ्यात परिषदेतले तीन जण त्यांच्या टेबलाशी आले. बाई स्वतःच्या पैशाने फुलं आणून जागा सजवतात याचं त्यांना कौतुक होतं. आभार म्हणून त्यांनी दहा डॉलरचा चेक पुढे केला. बाईंनी तो घेतला आणि सांगून टाकलं की याची लाल पॉपीची फुलं आणणार. पॉपीच का, हेही कविता दाखवून समजावलं.

मग त्या बाजारात निघाल्या. नोव्हेंबरात खरं पॉपी कुठे मिळणार? दुकानं पालथी घालत शेवटी वॉनामेकर्स या मोठ्या स्टोअरमध्ये रेशमी पॉपी सापडली. पंचवीस फुलं घेऊन त्या परतल्या. लोकांनी त्यांना गराडाच घातला. एक फूल स्वतःच्या कॉलरला ठेवून बाकीची त्यांनी वाटून टाकली.

बस्स. एवढीच घटना. स्टेज नाही, फोटो नाही. पण पुढे बाई कायम सांगत राहिल्या की पैसे देऊन आठवणीचं पॉपी घेण्याची सुरुवात ती हीच.

आयडिया फ्लॉप झाली

इथे सिनेमा असता तर पुढच्या सीनमध्ये अख्खं जग पॉपी लावून फिरताना दिसलं असतं. तसं झालं नाही. बाईंनी नेत्यांना, संस्थांना पत्रं लिहिण्याचा सपाटा लावला. एका व्यावसायिकाच्या मदतीने मशाल आणि पॉपी असं रीतसर बोधचिन्ह करून घेतलं. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या एका कार्यक्रमात ते झळकलंही. लोकांनी पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. मदत करणाऱ्यानेही अंग काढून घेतलं.

बाई जॉर्जियाला परतल्या. आणि माझ्या मते, त्यांच्या गोष्टीतला खरा टर्न इथे आहे.

तिथे त्यांनी युद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या वर्गाला शिकवायला घेतलं. आतापर्यंत त्यांच्या डोक्यात होते ते गेलेले सैनिक. आता बाकावर बसलेले होते ते परतलेले सैनिक. यांना हार-तुरे नको होते. उपचार हवे होते, काम हवं होतं, घरभाड्याचे पैसे हवे होते. स्वागताचे बँड वाजून गेले होते आणि त्यानंतर यांना विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की नुसतं आठवण म्हणून लावलेलं फूल अर्धवट आहे. ते विकत घेतलं गेलं पाहिजे आणि तो पैसा जिवंत माणसापर्यंत पोचला पाहिजे. स्मारक आणि मदत, दोन्ही एकाच फुलात. हा बदल लहान दिसतो, पण पॉपी टिकलं ते या बदलामुळे.

सातासमुद्रापार

ऑगस्ट १९२० मध्ये माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेच्या जॉर्जिया शाखेला बाईंनी पॉपी स्वीकारायला लावलं. मशाल गळली, फूल राहिलं. पुढच्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या राष्ट्रीय अधिवेशनातही ते मंजूर झालं.

त्याच अधिवेशनाशी आणखी एका बाईचं नाव जोडलेलं आहे, फ्रान्सच्या ॲना गेराँ. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या विधवा आणि मुलांसाठी त्या निधी गोळा करत होत्या. बाईंची कल्पना त्यांनी उचलली आणि देशोदेशी नेली. फ्रान्समधल्या बायका-मुलांनी केलेली कापडी फुलं, ती विकायला स्थानिक स्वयंसेविका आणि एक ठरलेला ‘पॉपी डे’, असं त्यांचं मॉडेल होतं. श्रेय कुणाचं मोठं, यावर आजही दोन बाजू आहेत. बी एकीचं आणि पेरणी दुसरीची, असं म्हणायला हरकत नसावी.

१९२१ मध्ये गेराँ ब्रिटनला पोचल्या. तिथे सुमारे वीस लाख लोक बेकार होते आणि मेडल लावलेले सैनिक रस्त्यावर काड्यापेट्या विकत होते. नुकत्याच स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजनचे प्रमुख होते फील्ड मार्शल हेग. सोमच्या लढाईत ज्यांच्या हुकमावरून लाखो सैनिक पुढे गेले, तेच. लीजनने नव्वद लाख पॉपी मागवली. ११ नोव्हेंबरला ती सगळी संपली आणि एक लाख सहा हजार पौंड जमले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये पॉपीचा कारखानाच निघाला. सुरुवातीला पाच कामगार, पाचही युद्धात अपंग झालेले. फुलाची रचनाच अशी ठरवली होती की एका हाताच्या माणसालाही ते जोडता यावं. अमेरिकेतही १९२४ पासून माजी सैनिकच पॉपी बनवू लागले. म्हणजे फूल विकण्याआधीच कुणाच्या तरी हाताला काम मिळालेलं असायचं.

सगळं गोड-गोड होतं असंही नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या सैनिकांना लीजनच्या वेगळ्या शाखांत बसावं लागत होतं. एकाच युद्धात लढलेल्यांची आठवणसुद्धा रंगावरून विभागली जात होती. १९३३ मध्ये ब्रिटनमधल्या महिला सहकारी गिल्डने पांढरं पॉपी काढलं. सैनिकांची आठवण काढताना आपण युद्धाचाच उदोउदो तर करत नाही ना, हा त्यांचा सवाल होता. तो आजही जुना झालेला नाही.

बाई मात्र आपल्या कामाला लागलेल्याच होत्या. शिकवत राहिल्या, पॉपीसाठी फिरत राहिल्या. १९४१ मध्ये त्यांनी या सगळ्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि ज्यांच्यासाठी पॉपी विकायचं अशा सैनिकांची नवी पिढी तयार होत होती. १० मे १९४४ रोजी, ते युद्ध संपायच्या आधीच, त्या गेल्या. त्याच वर्षी एका मालवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं. १९४८ मध्ये, त्या शनिवारच्या खरेदीला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, अमेरिकेने त्यांच्यावर तीन सेंटचं तिकीट काढलं.

आणि आपल्याकडे?

स्वातंत्र्याआधी भारतातही ११ नोव्हेंबरला पॉपी डे व्हायचा. स्वतंत्र भारताला आपल्या सैनिकांसाठी आपला दिवस हवा होता. १९४९ मध्ये निर्णय झाला आणि ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन ठरला. फुलाच्या जागी झेंडा आला, पण आतली कल्पना तीच. युद्धात जखमी झालेल्यांचं आणि शहिदांच्या कुटुंबांचं पुनर्वसन, माजी सैनिकांना आधार, मुलांच्या शिक्षणाला मदत. खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेले जवान तिथे राहतात, खेळतात, नवं काम शिकतात. ध्वजदिन निधीतून या केंद्रालाही मदत जाते. म्हणजे तुमच्या त्या दहा-वीस रुपयांना पत्ता आहे.

आता थोडं स्पष्ट बोलू? आपल्या पिढीला सैनिकांबद्दल प्रेम आहे, यात शंका नाही. स्टेटस ठेवतो, रील शेअर करतो, थिएटरात शिट्ट्या मारतो. पण मोयनाबाईंच्या वर्गात बसलेल्या सैनिकांना शिट्ट्यांची गरज नव्हती. आपल्या गल्लीतल्या, आपल्या गावच्या माजी सैनिकालाही बहुधा नसते. बँकेत सिक्युरिटी गार्ड म्हणून उभे असलेले काका कुठल्या युनिटमध्ये होते, हे आपण कधी विचारलेलं असतं का?

सुरुवात सोपी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि काय मदत लागते ते विचारा. पेन्शनचा ऑनलाइन फॉर्म भरताना अडणाऱ्या आजी असतील, स्कॉलरशिपची कागदपत्रं गोळा करणारी तुमच्याच वयाची मुलगी असेल. एनएसएसचा ग्रुप असेल तर एक रविवार पुरे. मोयनाबाईंकडे तरी काय होतं? एक मासिक, दहा डॉलर आणि एक मोकळी दुपार. तुमच्याकडे यातलं निदान शेवटचं तरी नक्की आहे.