रक्कम पोचली, देणारा भेटला नाही



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २२व्या श्लोकावर. अनन्यभावाने भजणाऱ्याचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो, असं आश्वासन तिथे आहे. हा श्लोक आला की मला आपल्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे दासोपंत आठवतात.

दासोपंतांचा जन्म १५५१चा. वडील दिगंबरपंत हे बीदरच्या बादशाही मुलखात नारायणपेठचे देशपांडे. परंपरेतली कथा अशी : सरकारी वसूल थकला, म्हणून बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं. मुदतीत पैसे आले नाहीत तर धर्म बदलावा लागेल, असं बजावलं. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी माणूस दरबारात आला, पूर्ण रक्कम भरली आणि निघून गेला. दासोपंतांनी ओळखलं, हे दत्तप्रभूच.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अडचण सुटली की तिकीट बंद, विषय संपला. दासोपंतांचा विषय मात्र इथून सुरू झाला. रक्कम पोचली, पण देणारा भेटलाच नाही! ही चुटपुट त्यांना घरी बसू देईना. ते माहूरला गेले, तिथे बारा वर्षं तप केलं, मग गोदाकाठी राक्षसभुवनला आले. इकडे आईवडील आणि पत्नी वाट पाहत होते. या ओढीची किंमत त्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

राक्षसभुवनला त्यांना दर्शन झालं असं मानतात. पुढे घरच्यांचीही भेट झाली आणि सगळे अंबाजोगाईला राहिले. तरी आतली ओढ शमली नसावी, असं मला वाटतं. नाहीतर गीतेवर सवा लाख ओव्यांचा गीतार्णव कोण लिहील? कागद कमी पडला की काय, म्हणून सुमारे ४० फूट लांब कापडी पासोडीवर पंचीकरण लिहिलं! १६१५मध्ये अंबाजोगाईतच त्यांनी देह ठेवला.

इंजिनिअरिंगला माझी पहिल्या वर्षाची फी एका काकांनी भरली होती. माझा पहिला पगार व्हायच्या आधीच ते गेले. आता दर रविवारी मी काकूंना फोन करतो, तासभर बोलतो. काकांचे पैसे हातात परत देता आले असते, तर काकूंशी एवढं नातं जुळलं असतं का, कुणास ठाऊक.

काही देणी फिटत नाहीत, तेच बरं असतं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!