पन्हाळगडावरील सोळा वर्षें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें, अशी वाचकांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. तथापि ज्या नगरांत आपलें ख्रिस्तमंदिर उभें आहे, त्या नगराच्या राजगादीचा पाया घालणाऱ्या स्त्रीची हकीकतही आपल्या मुलाबाळांच्या कानीं पडावी, या हेतूनें महाराणी ताराबाईंविषयीं चार शब्द लिहीत आहें. कावळा नाक्यावरील त्यांचा अश्वारूढ पुतळा कोणास ठाऊक नाहीं? तो पाहून रणांगण गाजविणारी राणी एवढेंच चित्र मनांत ठसतें. तें खोटें नव्हे, परंतु अपुरें आहे.

ताराबाई या सरसेनापति हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. त्यांचा जन्म १६७५ चा. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम महाराज यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या हातीं सांपडले, आणि राजाराम महाराजांस दूर जिंजीस राहून राज्य राखावें लागलें. तेथून परतल्यावर १७०० च्या मार्चमध्यें सिंहगडावर ते निवर्तले.

त्या वेळीं ताराबाईंचें वय अवघें पंचवीस वर्षांचें. मुलगा शिवाजी चार वर्षांचाही झाला नव्हता. ऐंशी ओलांडलेला औरंगजेब जातीनें साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा देऊन बसला होता, आणि पुढच्याच महिन्यांत तो किल्ला पडला. शोक करावयास उसंत कोठची? ताराबाईंनीं मुलाच्या नांवें गादी चालविली, कारभाराचीं सूत्रें स्वतः हातीं घेतलीं, आणि रामचंद्रपंत अमात्य, परशुरामपंत प्रतिनिधि, धनाजी जाधव यांसारख्या वडीलधाऱ्या पुरुषांस कामाला लाविलें.

पन्हाळा १७०१ मध्यें गेला, विशाळगड १७०२ मध्यें, सिंहगड १७०३ मध्यें. एकेक गड जातांना कोणाचेंही काळीज खचावें. पण एका गडापायीं बादशहाचे महिनेच्या महिने खर्ची पडत आहेत, सह्याद्रीच्या पावसांत त्याचीं माणसें व जनावरें वाहून जात आहेत, कित्येक गड तर तो किल्लेदारांस पैसा चारूनच मिळवीत आहे, हें या तरुण विधवेनें नीट ओळखिलें. गड गेला तर जाऊं द्यावा, फौज राखावी, आणि बादशहाची पाठ फिरली कीं गड परत घ्यावा, असा क्रम चालू राहिला. त्या स्वतः या गडावरून त्या गडावर फिरत होत्या, आणि मराठी फौजा माळव्यांत व गुजराथेंत शिरत होत्या. १७०७ मध्यें अहमदनगर येथें औरंगजेब मरण पावला. मराठ्यांचें राज्य उभेंच होतें.

पुढें मोगलांनीं शाहूस सोडून दिलें. गादीवर हक्क कोणाचा, हा कलह पेटला. खेडच्या लढाईंत धनाजी जाधव शाहूस मिळाले, आणि सातारा ताराबाईंच्या हातून गेला. १७१० मध्यें त्यांनीं पन्हाळ्यास वेगळी गादी मांडिली. तीच कोल्हापूरची गादी होय.

परंतु त्यांची खरी कसोटी १७१४ पासून लागली, असें मला वाटतें. त्या सालीं सवत राजसबाई व तिचा पुत्र संभाजी यांच्या पक्षानें ताराबाईंस व त्यांच्या पुत्रास पन्हाळ्यावरच कैद केलें. ज्या गडावरून त्यांनीं हुकूम सोडिले, त्याच गडावर आतां त्यांच्या दाराशीं पहारा बसला. औरंगजेबाशीं लढावयास फौज होती, घोडा होता, रात्रींच्या अंधारांत निसटावयास दुसरा गड होता. येथें शत्रु घरचाच, आणि करावयाचें काम कांहींच नाहीं. एकोणचाळिसाव्या वर्षीं आंत गेलेली ही स्त्री पंचावन्नाव्या वर्षीं बाहेर आली. मधल्या काळांत, १७२६ मध्यें, ज्या पुत्रासाठीं सारा खटाटोप केला तो कैदेंतच वारला. कोल्हापुराहून पन्हाळा सुमारें २० किलोमीटर. सहलीस जाणाऱ्या आपल्या तरुणांनीं तेथें क्षणभर या सोळा वर्षांचा विचार करावा.

१७३० मध्यें शाहूच्या फौजेनें वारणाकांठीं संभाजीचा पराभव केला व ताराबाई शाहूच्या हातीं आल्या. पन्हाळ्यास परतण्यापेक्षां त्यांनीं साताऱ्यास राहणें पत्करिलें. सवतीच्या कैदेपेक्षां जुन्या प्रतिस्पर्ध्याची नजरकैद त्यांस बरी वाटली असावी!

यापुढील भाग लिहितांना लेखणी अडखळते, पण तो झांकून ठेवणें योग्य नव्हे. १७४९ मध्यें शाहू वारल्यावर ताराबाईंनीं आपला नातू म्हणून पुढें आणिलेला रामराजा गादीवर बसला. तो आपल्या तंत्रानें चालेना, तेव्हां १७५० मध्यें त्यांनीं त्यास साताऱ्याच्या किल्ल्यांत कोंडिलें. पेशव्यांची फौज आली तरी त्या डगमगल्या नाहींत. वय पंचाहत्तर! मात्र १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबासमोर, हा माझा नातू नव्हेच, अशी शपथ त्यांनीं घेतली. पूर्वीचें बोलणें खरें कीं ही शपथ खरी? दोन्ही खरीं असणें शक्य नाहीं. स्वतः कैद सोसलेल्या आजीनें त्या तरुणास कैद सोसावयास लावावें, याचें मला अधिक वाईट वाटतें.

१७६१ च्या जानेवारींत पानिपत झालें. जूनमध्यें नानासाहेब पेशवे गेले. त्याच सालच्या डिसेंबरांत शहाऐंशी वर्षांच्या ताराबाई साताऱ्यास वारल्या. त्यांची समाधि कोल्हापुरांत नाहीं. ती साताऱ्याजवळ संगम माहुलीस, कृष्णेच्या कांठीं आहे.