भाकरीचा एक तुकडा

पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांची नावे ठरवायची वेळ आली की आम्हाला दरवर्षी तोच अनुभव येतो. पाण्याचे भांडे धरायला, टॉवेल द्यायला, खुर्च्या मांडायला कितीतरी जण पुढे येतात. पाय पुढे करायला मात्र माणसे मिळत नाहीत. फादर, मला नको, दुसऱ्या कोणाला तरी बसवा, असे म्हणून जो तो मागे सरतो. पेत्राचेही असेच झाले होते. प्रभूसाठी प्राण द्यायला तो तयार होता, पण प्रभूकडून पाय धुवून घेणे त्याला जड गेले.

सेवा करणे पुण्याचे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. सेवा करून घेणे, मदत मागणे, ती कृतज्ञतेने स्वीकारणे हीसुद्धा ख्रिस्ती नम्रताच आहे, हे कोणी फारसे सांगत नाही. म्हणून आज आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पंथात झाला. पण महाराष्ट्रातील कोणत्याही ख्रिस्ती माणसाने त्यांच्यापासून शिकावे अशी त्यांची योग्यता आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि आईने रमाबाईंना. आल्या-गेल्या यात्रेकरूंचे आदरातिथ्य करण्यात घरची संपत्ती संपली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्री फिरू लागले. मिळालेल्या दक्षिणेतूनही ते दानधर्म करीत. द्यायची सवय होती; मागायची नव्हती.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी तांदळाचा अखेरचा दाणा संपला. आपल्या लोकांत दारिद्र्याची अप्रतिष्ठा सोसण्यापेक्षा जंगलात जाऊन मरावे, असे सगळ्यांनी मिळून ठरवले. तिरुपतीजवळच्या जंगलात अकरा दिवस ते पाणी, पाला आणि रानातली थोडी फळे यांवर राहिले. वृद्ध आणि अंध झालेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलांचा निरोप घेणेही सुरू झाले होते.

तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन आणि तुम्हाला पोसीन, असे त्याने आईवडिलांना सांगितले. त्या शब्दांनी वडिलांची जलसमाधी टळली. सगळे जंगलातून गावाकडे परतले. पण फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील वारले, त्यांच्या पाठोपाठ आई गेली आणि पुढे थोरली बहीणही.

आईच्या अखेरच्या आजारातला एक प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. आईला बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा हवा होता. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईंच्या घरी गेल्या. बाई प्रेमाने बोलल्या, पण रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या त्या मुलीला भाकरी मागता येईना. डोळ्यांतले पाणी दिसू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी त्या बाईंनीच तिच्या चेहऱ्यावरून ओळखले आणि खायला हवे का, असे विचारले. भाकरी घेऊन ती धावत घरी आली. पण तोवर आईच्या अंगात ती खाण्याइतकीही शक्ती उरली नव्हती.

त्या शेजारीणबाईंचे नाव इतिहासात नाही. तिने फार काही दिलेही नाही. पण तिने समोरच्या मुलीला तोंड उघडायला लावले नाही, हे तिचे मोठेपण.

बहीणभाऊ मग देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये तेही कॉलऱ्याने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा प्रवासखर्चासाठी स्वतःच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे वापरले. वाँटेजच्या धर्मभगिनींकडे त्या राहिल्या, त्याच्या मोबदल्यात त्यांनी भगिनींना मराठी शिकवली. आपण कोणाचे मिंधे नाही, हा ताठपणा त्यांच्यात होता, आणि तो सगळाच वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही.

लंडनमध्ये त्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. हे का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंच्या जीवनाला या कथेने वळण दिले, हे त्यांनी पुढे सांगितले आहे. बंधु-भगिनींनो, त्या कथेची सुरुवात आठवा. प्रभू येशू त्या स्त्रीला आधी काही देत नाही. तो विहिरीपाशी थकून बसतो आणि तिच्याकडे पाणी मागतो. जिच्या हातचे पाणी कोणी यहुदी पिणार नाही, तिच्याकडे मागून तो आधी तिला मान देतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा थोर मनाचा माणूस वाचला होता. तो दुसऱ्यावर उपकार करतो, पण उपकार घ्यायला लाजतो. कारण देणारा वरचढ आणि घेणारा खालचा ठरतो. विहिरीजवळ बसलेल्या प्रभूने हा हिशेब मोडून टाकला. कुरेनेकर शिमोनाच्या खांद्यावर क्रूस ठेवला गेला तेव्हाही तो त्याला नको म्हणाला नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत त्यांनी आपल्या भगिनींसाठी मोकळेपणाने मदत मागितली. भाकरीचा तुकडा मागू न शकलेली स्त्री आता परक्या देशात, परक्या भाषेत सभा घेऊन मागत होती. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागारांनी राजीनामे दिले. रमाबाईंनी काम सोडले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हाती पुरेसा पैसा नव्हता, पण स्वतःची जुनी भूक त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर, ज्याने आपल्या वऱ्हाडालाही होरपळून काढले होते, तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

मुक्तीमध्ये नुसते अन्न वाटले जात नव्हते. शेती, विणकाम, छपाई, दुग्धव्यवसाय असे काही ना काही काम प्रत्येकीला शिकवले जाई. आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना न्हाऊ घालत, भरवत. काल घेणारी आज देणारी होई. शास्त्रे येत होती पण कष्टाचे काम येत नव्हते आणि त्याची लाज वाटत होती, म्हणून आपले घर उपाशी मेले, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हे त्यांचे अखेरचे मोठे काम. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

प्रिय बंधु-भगिनींनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर कोणत्या दुःखासाठी घेतले जाते, हे आम्ही सांगायला नको. कर्जाची, नापिकीची, भावाची कारणे आहेतच. त्यांवर सरकारने आणि समाजाने उपाय केलेच पाहिजेत. पण अशा घरी प्रार्थनेला गेलो की आम्ही वारंवार एकच गोष्ट ऐकतो. कोणाला काही बोलले नाहीत. सख्ख्या भावालाही नाही. वावर पिकले नाही, याची लाज वाटत होती.

ही लाज एकट्याची नसते. ती आपण सगळे मिळून निर्माण करतो. आम्हीही केली आहे. एका वर्षी मिस्सानंतर नावे पुकारून धान्याची पाकिटे वाटली आणि फोटो काढले. ज्या आजींना सर्वांत जास्त गरज होती, त्या आल्याच नाहीत. आमच्या ते फार उशिरा लक्षात आले. तेव्हापासून नावे पुकारणे बंद केले आहे.

म्हणून दोन गोष्टींची विनंती. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्या शेजारीणबाईंसारखे व्हावे. समोरच्याचा चेहरा वाचावा, त्याला मागायला लावू नये, आणि दिल्यावर कुठे बोलू नये. आणि ज्यांच्यावर ओझे आहे त्यांनी श्रीनिवाससारखे व्हावे. मरणापेक्षा मान मोठा मानू नये. भावाला सांगा, शेजाऱ्याला सांगा, नाहीतर आमच्याकडे या. धर्मगुरूच्या घराचे दार रात्रीही वाजवता येते. कोणतीही यादी होणार नाही.

आणि या वर्षी पवित्र गुरुवारी कोणी तुम्हाला पुढे बसायला सांगितले, तर मागे सरू नका. आपले पाय प्रभूच्या हाती द्या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू