बढती हुकली आणि नांगर आला

महाळुंग्याला इंटर्नशिपला जाताना रस्त्याच्या दुतर्फा कारखाने दिसतात ना? त्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869-1956) मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढती हुकली, तशी नोकरी सोडून थेट बेळगाव गाठलं. सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली! त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. 1910मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढच्याच वर्षी शुम्पीटर या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञाने मांडलं, की अर्थव्यवस्था हलवतो तो नवं काही आणणारा उद्योजक. त्यात जुने धंदे मोडतातही. लाकडी नांगर घडवणाऱ्या सुतारांना हे पुस्तकाविनाच कळलं असणार.