सुझाना वेस्ली : एपवर्थच्या घरातील शाळा

थोर पुरुषांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. पण त्यांना घडविणाऱ्या हातांची नोंद त्या चरित्रांत बहुधा पहिल्या दोन-चार पानांपुरतीच असते. आपल्याकडे जिजाऊंसारखी एखादीच माता इतिहासात स्वतःच्या नावाने उभी राहते. इंग्लंडच्या इतिहासात असा मान मिळालेली एक माता म्हणजे सुझाना वेस्ली. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली आणि सहा हजारांहून अधिक भक्तिगीते रचणारे चार्ल्स वेस्ली यांची ही आई. तिची शाळा तिच्याच घरात होती आणि तिचे विद्यार्थी होते तिचीच मुले.

सुझानाचा जन्म १६६९ साली लंडनमध्ये झाला. वडील डॉ. सॅम्युअल ॲन्स्ली हे नावाजलेले धर्मोपदेशक. सरकारमान्य चर्चचे नवे नियम मान्य न केल्यामुळे १६६२ साली त्यांना आपल्या जागेवरून दूर व्हावे लागले होते. त्यांच्या पंचवीस अपत्यांतील सुझाना हे शेंडेफळ. घरात पुस्तके होती, विद्वानांची ये-जा होती आणि धर्मावर रात्रंदिवस वाद चालत. हे सारे ऐकत वाढलेल्या या मुलीने वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास एक धाडसी निर्णय घेतला. दोन्ही बाजूंचा विचार करून ती वडिलांचा पंथ सोडून सरकारमान्य चर्चमध्ये परत गेली. विशेष हे की वडिलांनी तिच्यावर राग धरला नाही. स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे हे बाळकडू तिला माहेरीच मिळाले.

१६८८ मध्ये तिचा विवाह सॅम्युअल वेस्ली यांच्याशी झाला. सॅम्युअल विद्वान होते, कवी होते. पण व्यवहारात अगदीच कच्चे. लिंकनशायरच्या सखल, दलदलीच्या भागातील एपवर्थ या गावी ते पाळक म्हणून गेले आणि पुढे अखेरपर्यंत तेथेच राहिले. पाठीशी कर्ज कायमचेच. १७०५ साली तर कर्जापायी त्यांना लिंकनच्या तुरुंगात जावे लागले. तेव्हा सुझानाबाईंनी हातातल्या अंगठ्या काढून त्यांच्याकडे पाठविल्या. त्यांनी त्या परत केल्या. घरात कधी भाकरीची वाण पडली होती काय, असे यॉर्कच्या आर्चबिशपांनी एकदा बाईंना विचारले. भाकरी मिळत नव्हती असे नाही, पण ती मिळवताना आणि मिळाल्यावर तिचे पैसे फेडताना इतकी काळजी करावी लागे की ती गोड लागत नसे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

पतीपत्नींचे स्वभावही सारखेच करारी. राजा तिसऱ्या विल्यमसाठी केलेल्या प्रार्थनेला सुझानाबाई आमेन म्हणत नाहीत, हे एकदा सॅम्युअलच्या ध्यानात आले. बाईंच्या मते तो खरा राजा नव्हताच. एवढ्यावरून सॅम्युअल घर सोडून लंडनला निघून गेले! १७०२ साली विल्यम मरण पावला, सॅम्युअल परतले आणि १७०३ च्या जूनमध्ये जॉनचा जन्म झाला.

या दांपत्याला एकोणीस मुले झाली. त्यांतली नऊ तान्हेपणीच गेली. उरलेल्या दहांत मुलगे तीन आणि मुली सात. या दहा जणांसाठी सुझानाबाईंनी घरात जी शाळा चालविली ती सुमारे वीस वर्षे चालली. तिची माहिती आपल्याला त्यांच्याच एका पत्रातून मिळते. ते त्यांनी १७३२ साली जॉनच्या आग्रहावरून लिहिले आणि जॉनने पुढे आपल्या रोजनिशीत छापले.

शाळेची वेळ सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. पाच वर्षे पुरी होईपर्यंत सहसा अक्षरओळख करून देत नसत. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी घरातली कामे आधीच वाटून दिली जात, खोलीत कोणी यायचे नाही अशी ताकीद असे आणि त्या एका दिवसात मुलाने सारी मुळाक्षरे शिकायची. बहुतेक मुलांनी ती एका दिवसात शिकली. मॉली आणि नॅन्सी या दोघींना दीड दिवस लागला, म्हणून आईला त्या मंद वाटल्या. पुढे इतरांच्या मुलांना किती दिवस लागतात हे पाहिल्यावर मात्र त्यांनी आपले मत बदलले! अक्षरे येताच वाचनाला आरंभ होई तो थेट बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून.

मुलींबाबतचा त्यांचा नियम तर त्या काळात विलक्षणच म्हणावा लागेल. मुलीला चांगले वाचता आल्याशिवाय तिच्या हाती सुई द्यायची नाही. वाचन पक्के होण्याआधीच मुलींना शिवणाला बसवतात म्हणून ऐकण्याजोगे वाचणाऱ्या बायका इतक्या थोड्या दिसतात, असे त्यांचे स्पष्ट मत होते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, संस्कृत शिकविले ते यानंतर दीडशे वर्षांनी. आणि तेही लोकांचा रोष पत्करून. देश, धर्म आणि काळ वेगळे असले तरी या दोन मातांची जात एकच वाटते.

पण या शाळेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मूल वर्षाचे झाले की त्याला छडीचे भय कळायला हवे आणि रडायचे तर हळू रडायला हवे, असा दंडक होता. मुलाचा हट्टी स्वभाव प्रथम मोडावा, मग त्याच्यावर संस्कार करावेत, असे सुझानाबाई मानत. जेवण तीन वेळचे. मधे काही मागायचे नाही. संध्याकाळी सहाला प्रार्थना, मग जेवण आणि आठाला अंथरूण. झोप लागेपर्यंत कोणी उशाशी बसणार नाही. आजच्या बालमानसशास्त्राला हे सारे रुचणार नाही, आणि आपल्यालाही ते वाचताना त्या तान्ह्या मुलांची कणव येते.

तथापि त्याच पत्रात काही नियम असेही आहेत की, ते आजच्या कोणत्याही पालकाने भिंतीवर लावावेत. ज्याने आपली चूक आपण होऊन कबूल केली त्याला मार नाही. कारण मुले खोटे बोलतात ती बहुधा भीतीपोटी, हे या आईने ओळखले होते. एका चुकीबद्दल दोनदा बोलायचे नाही. मूल आपली इच्छा बाजूला ठेवून आज्ञा पाळील तेव्हा त्याचे कौतुक करायचे. काम नीट जमले नाही, पण हेतू चांगला होता, तर ते गोड मानून घ्यायचे. दुसऱ्याची वस्तू, मग ती टाचणी का असेना, त्याच्या परवानगीवाचून घ्यायची नाही. दिलेला शब्द पाळायचा. छडी हातात असलेल्या आईने स्वतःच्या रागालाही असे नियम घालून घेतले होते, हे विसरता येत नाही.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री पाळकांच्या घराला आग लागली. गर्भार असलेल्या सुझानाबाई ज्वाळांतून वाट काढत बाहेर आल्या. मुले मोजली तेव्हा पाच वर्षांचा जॉन माडीवरच राहिल्याचे कळले. जिना पेटलेला. शेवटी एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि त्याने खिडकीतून पोराला ओढून काढले. पुढच्याच क्षणी छप्पर आत कोसळले. घर गेले, पुस्तके गेली, लिहिलेले कागद गेले. मुलांची काही काळ नातलगांकडे आणि शेजाऱ्यांकडे पांगापांग झाली. ती परतली तेव्हा वर्षानुवर्षांची शिस्त विस्कटून गेली होती. नाही नाही ते शब्द आणि गाणी तोंडात बसली होती. सुझानाबाईंनी हाय खाल्ली नाही. पुन्हा श्रीगणेशा केला. आता शाळेच्या आरंभी आणि अखेरी स्तोत्रगायन सुरू झाले आणि मोठ्या भावंडाने धाकट्याला घेऊन वाचायला बसायचे असा पाठ पडला.

या कथेचा एक धागा आपल्या देशाशी जुळतो. तमिळ मुलखातील तरंगमबाडी येथे १७०६ साली डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले दोन मिशनरी उतरले होते. त्यांच्या कार्याचा वृत्तांत पतीच्या अभ्यासिकेतून सुझानाबाईंच्या हाती आला आणि त्या भारावून गेल्या. आपल्याला परदेशी जाता येणार नाही. पण आपल्या पोरांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी याहून अधिक काही करता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलाला वाटून दिली. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्या वेळी त्या मुलाशी एकट्याशी बोलायचे, त्याच्या मनातले ऐकायचे. एवढ्या मोठ्या खटल्याच्या घरात आई आपली एकट्याची असण्याचा तो तास मुलांना किती मोलाचा वाटला असेल! ऑक्सफर्डमध्ये अध्यापक झालेला जॉन पुढे आईला पत्र लिहून त्याच गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढतो आणि तो वेळ पुन्हा मागतो.

१७१२ च्या सुमारास सॅम्युअल लंडनच्या धर्मसभेला गेले असता बाई रविवारी संध्याकाळी मुलांसाठी घरातच प्रार्थना घेत. शेजारी येऊ लागले आणि संख्या दोनशेवर गेली. बाईमाणसाने असे करावे काय, अशी तक्रार लंडनला गेली. पतीने पत्राने हरकत घेतली. बाईंनी उत्तर पाठविले की, थांबवायचेच तर नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट आज्ञा करा. म्हणजे देवापुढे या लोकांबद्दल जाब देण्याची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही.

मुलगे मोठे झाले तसे लंडनच्या शाळांत आणि तेथून ऑक्सफर्डला गेले. मुली कोठे जाणार? येथेच या चरित्रातील खरे दुःख आहे. हेटी सर्वांत बुद्धिमान. बालपणीच तिला ग्रीक वाचता येत असे म्हणतात. १७२५ साली ती एका माणसाबरोबर निघून गेली. त्याने लग्न केले नाही. परत आलेल्या गर्भवती हेटीला वडिलांनी एका नळकारागिराच्या गळ्यात बांधले आणि अखेरपर्यंत क्षमा केली नाही. आईचे मनही लवकर मऊ झाले नाही. हेटीची तान्ही मुले एकामागून एक गेली आणि तिचे दुःख तिच्या कवितांत उतरले. तिची बाजू घेऊन उभा राहिला तो जॉन. वडिलांचा रोष पत्करून. चूक कबूल करणाऱ्याला मार नाही, हा घरातला नियम हेटीच्या वाट्याला आला नाही. पण तो नियम जॉनच्या मनात मात्र रुजला होता, असे म्हणावेसे वाटते.

१७३५ साली सॅम्युअल वारले. बाई मुलांच्या आश्रयाने राहू लागल्या आणि १७३९ नंतर लंडनमध्ये जॉनच्या प्रार्थनामंदिराशेजारीच राहिल्या. दीक्षा न घेतलेला एक साधा माणूस प्रवचन करू लागला म्हणून जॉन रागावून आला, तेव्हा आधी त्याचे ऐकून घे, त्यालाही देवानेच बोलावले आहे, असा सल्ला त्याला या वृद्ध आईनेच दिला. जॉनने ऐकले आणि मेथॉडिस्ट चळवळ सामान्यांच्या हाती गेली. १८७० नंतरच्या वर्षांत ती मुंबईतही पोहोचली.

जुलै १७४२ मध्ये सुझानाबाईंनी देह ठेवला. आपण सुटलो की मुलांनी देवाचे स्तुतिगीत गावे, ही त्यांची अखेरची इच्छा होती आणि मुलांनी ती पाळली.

सुझानाबाईंची छडी आपण घेऊ नये. हेटीच्या बाबतीत त्यांचे घर कमी पडले, हेही झाकू नये. पण अन्नाची भ्रांत असतानाही दररोज सहा तास मुलांना देणे, मुलीच्या हाती सुईआधी पुस्तक ठेवणे आणि दहा मुलांतही प्रत्येकाची एक संध्याकाळ राखून ठेवणे, हे त्यांनी केले. आपण विद्यार्थी उद्या पालक होऊ, काही जण शिक्षकही होऊ. त्या वेळी यांतले आपल्याला किती जमेल, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचल्यावर मनात राहतो.